पदकामागचा माणूस

पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, आगपेट्यांवरची चित्रे असल्या वस्तू जमवणाऱ्या माणसाकडे आपण कौतुकाने पाहतो. घरची मंडळी त्याला वेडा म्हणतात, पण त्या म्हणण्यात लाड असतो. दिवाळीच्या साफसफाईत त्याची खोकी माळ्यावर गेली, तरी रद्दीत जात नाहीत. मात्र दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्याच्या वस्तू जमवणारा गृहस्थ समोर आला, की कौतुकाचे शब्द ओठांशी येऊन थबकतात. शिरस्त्राणे, पट्ट्यांची बक्कले, पदके, पगारपुस्तिका, रणांगणावरून घरी धाडलेली पत्रे, ह्या साऱ्या मालाचा युरोप-अमेरिकेत मोठा व्यापार चालतो. लिलाव होतात, भावांच्या याद्या निघतात. ह्या गर्दीत एक निराळी जातकुळी आहे. ती मंडळी सांगतात, "आम्ही नुसता बिल्ला जमवत नाही; बिल्ल्यामागचा माणूस शोधतो."

ह्या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहितो आहे. माणूस शोधण्याचा दावा कादंबरीकार करतो, चरित्रकारही करतो. आणि तो कितपत खरा उतरला हे पाहणे हा टीकाकाराचा रोजचा धंदा. मग हीच कसोटी संग्राहकाला का लावू नये? त्याच्याही हातात शेवटी कागद असतो; आणि कागद म्हटला की वाचन आले, आणि वाचन म्हटले की चुकीचे वाचनही आले.

पगारपुस्तिकेपासून सुरुवात करू. जर्मन भाषेत तिला 'झोल्डबुख' म्हणतात. शिपायाच्या खिशात ती सदैव असे. पगाराचा हिशेब तीत, आणि ओळखपत्रही तीच. पहिल्या पानावर नाव, हुद्दा, ओळखबिल्ल्याचा क्रमांक, रक्तगट, एवढेच काय, विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्याचे माप. दुसऱ्या पानावर जन्मतारीख, जन्मगाव, धर्म, व्यवसाय. मग उंची, बांधा, चेहरा, केस, दाढी, डोळे, बुटांची लांबी-रुंदी. पुढे जवळच्या नातलगांचे पत्ते: पत्नीचा, आईवडिलांचा, आणि लग्न झाले नसेल तर वाग्दत्त वधूचासुद्धा. त्याच्या पुढे मिळालेले कपडे, टोचलेल्या लसी, इस्पितळातले मुक्काम, पदके आणि रजा.

हे सारे वाचताना वाचक हळवा होतो. हा शेतकऱ्याचा मुलगा, हा सुतार, ह्याचे डोळे निळे, ह्याची वधू अमुक गावी वाट पाहत होती! संग्राहकाचे मन इथेच गुंतते, आणि मी त्याला नावे ठेवत नाही. परंतु टीकाकाराने आधी विचारावे, की ह्या पुस्तकाचा लेखक कोण? लेखक आहे कचेरीतला कारकून. शिपायाच्या हातचे तीत फार तर एक सही. कारकुनाला जे हवे होते तेवढेच त्याने लिहिले. कोणते बूट दिले ते लिहिले आहे. ते बूट घालून हा माणूस कोणाच्या अंगणात शिरला, ते लिहिलेले नाही. इस्पितळात गेला तर रोगाच्या जागी नुसता अंक. घरी पाठवलेल्या पत्रांवर पलटणीच्या नावाऐवजी पाच आकडी टपालक्रमांक. ज्या पुस्तकात इतके सांगितले आहे, त्यात काय सांगितलेले नाही हे पाहणे अधिक अगत्याचे असते.

चांगला संशोधक हे जाणतो. तो जुनी जर्मन वळणाची लिपी शिकतो, पुसट शिक्के भिंगाखाली धरतो, त्या पाच आकडी क्रमांकावरून पलटण शोधतो, आणि पलटणीवरून तिचा मार्ग. ही मेहनत आपल्याकडच्या बखरी आणि मोडीतली दफ्तरे वाचणाऱ्यांच्या मेहनतीच्या जातीची आहे. तिच्याविषयी मला आदर आहे. प्रश्न मेहनतीचा नाही. ती कुठे थांबते ह्याचा आहे.

आता ओळखबिल्ला पाहा. लंबवर्तुळाकार, ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा, मधोमध खाचांची रेघ. शिपाई मेला की खालचा अर्धा भाग त्या रेघेवर मोडून कचेरीकडे पाठवायचा, वरचा अर्धा देहाबरोबर ठेवायचा, अशी रीत. ह्या बिल्ल्यावर माणसाचे नावच नसते! पलटणीची खूण, क्रमांक आणि बहुधा रक्तगट, बस्स. नाव असे बर्लिनच्या दफ्तरखान्यात. त्यासाठी २६ ऑगस्ट १९३९ रोजी, म्हणजे पोलंडवरील स्वारीच्या आठवडाभर आधीच, एक कचेरी उघडण्यात आली होती. माणसे मरायच्या आधीच मेलेल्यांच्या नोंदीची सोय! त्या कचेरीची कार्डे युद्धानंतर पिढ्यान्‌पिढ्या नातलगांच्या उपयोगी पडली. २०१९ पासून ती जर्मनीच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात सामील झाली आहे. शिपायांच्या कार्डांची संख्या सुमारे १ कोटी ८० लाख.

म्हणजे जमिनीतला बिल्ला आणि दफ्तरातले कार्ड ही एकाच वाक्याची दोन अर्धी आहेत. जुळली तरच वाक्य पुरे होते. रशियाच्या रानांत आणि शेतांत अजूनही हाडे निघतात. हाडांशेजारी न मोडलेला बिल्ला निघाला, तर बहुधा असे समजावे की ह्या माणसाच्या मृत्यूची खबर द्यायला त्याच्या बाजूचे कोणी उरले नव्हते. १९९२ साली जर्मनी आणि रशिया ह्यांच्यात युद्धकबरींविषयी करार झाला. तेव्हापासून अशा देहांना रीतसर उचलून दफन करण्याचे काम चालत आले. व्होल्गोग्राडजवळ रॉसोश्का येथे १९९९ साली अशी दफनभूमी खुली झाली. जे सापडलेच नाहीत त्यांची नावे तिथे ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या चौकोनी शिळांवर कोरलेली आहेत. पण रात्री चोरून खणणारेही आहेत. रशियात त्यांना 'काळे खणकर' म्हणतात. ते हाडे टाकून देतात आणि बिल्ला बाजारात आणतात. बिल्ला विकला गेला की ती हाडे कायमची बेवारशी होतात. माणूस शोधण्याची भाषा बोलणाऱ्या संग्राहकाने असा बिल्ला विकत घेतला, तर त्याने माणूस शोधला नाही. जो सापडण्याच्या बेतात होता त्याला हरवण्याचे पैसे मोजले. हा माझा ह्या छंदावरचा पहिला आणि सर्वांत कठोर आक्षेप.

पदकांची गोष्ट निराळी. पदक म्हणजे राज्यसत्तेने लिहिलेली सर्वांत आखूड स्तुतिकविता. जर्मनीचा 'लोहक्रॉस' १८१३ साली प्रशियाच्या राजाने नेपोलियनशी लढताना सुरू केला. १८७०, १९१४ आणि १९३९ साली त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. १९३९ च्या आवृत्तीत मध्यभागी स्वस्तिक आले. युद्धानंतर, १९५७ साली, पश्चिम जर्मनीने कायदा केला: जुनी पदके घालायला हरकत नाही, मात्र त्यांवरचे स्वस्तिक काढले पाहिजे. मग स्वस्तिकाच्या जागी ओकची पाने आली. संग्राहक ह्या दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवतात, आणि त्यांच्या संग्रहातले हे मला सर्वांत बोलके पान वाटते. अख्ख्या देशाने आपल्याच मजकुरातला एक शब्द खोडून बाकीचे वाक्य तसेच ठेवल्याचे इथे डोळ्यांना दिसते.

शिपायांचे स्वतःचे मत मात्र वेगळे असू शकते. १९४१-४२ च्या हिवाळ्यात रशियात लढलेल्यांसाठी एक पदक काढण्यात आले. बर्फात पाय गमावलेल्यांनी, बोटे गमावलेल्यांनी त्याला नाव दिले, 'गोठलेल्या मांसाचे पदक'. मला विचाराल तर त्या पदकावरची खरी टीका ह्याच तीन शब्दांत झाली.

जिथे श्रद्धाळू गिऱ्हाईक, तिथे नकला आल्याच. १९८३ च्या एप्रिल महिन्यात 'स्टर्न' ह्या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या सापडल्याचे जगाला सांगितले. जवळजवळ साठ वह्या, किंमत नव्वद लाख मार्कांच्या वर. त्या मिळवणारा वार्ताहर नाझी वस्तूंचा असा शौकीन, की ग्योरिंगची जुनी नौका त्याने विकत घेतली होती. आणि त्या लिहिणारा कॉनराड कुयाऊ हा युद्धवस्तूंचा व्यापारी. पंधरवडाही लोटला नाही तोच सरकारी दफ्तरखान्याने निकाल दिला: कागद युद्धानंतरचा, सारे बनावट. वहीवरची आद्याक्षरेसुद्धा चुकली होती. 'ए'च्या जागी 'एफ' चिकटवलेला! एक बारकावा तर मोठा मौजेचा आहे. हस्ताक्षर ताडून पाहण्यासाठी तज्ज्ञांना जे नमुने दिले होते, त्यांतही कुयाऊच्याच हातचे कागद होते. खोट्याची परीक्षा खोट्याशी लावली आणि ते खरे ठरले.

ह्या प्रकरणाला जग हसले. पण मला अधिक बोचते ते दुसरे, सभ्य प्रकरण. १९५० साली स्टालिनग्राडहून आलेल्या अखेरच्या पत्रांचा म्हणून एक छोटा संग्रह जर्मनीत निघाला. एकूण ३९ पत्रे. शेवटच्या विमानाने आलेली टपालाची पोती सैन्याने अडवली, नावे-पत्ते काढून टाकले, आणि पुढे ती पत्रे हाती लागली, अशी त्यांची हकीगत. संग्रह अनेक भाषांत गेला आणि लोकांनी डोळे पुसत वाचला. त्यात पियानोवादक आहे, देवावरचा विश्वास उडालेला पाद्र्याचा मुलगा आहे. प्रत्येकाचे दुःख रेखीव, प्रत्येकाचा शेवट नेमका. पुढे अभ्यासकांनी त्याच्या खरेपणाबद्दल गंभीर शंका घेतल्या, आणि ती पत्रे बहुतांशी एका माजी युद्धवार्ताहराने रचलेली असावीत असे आज मानले जाते.

मर्मज्ञ वाचकाला हा संशय कागद न तपासताही यायला हवा होता. वेढ्यात अडकलेल्या शिपायांची खरी पत्रे उपलब्ध आहेत. ती पावाच्या तुकड्याविषयी असतात, उवांविषयी, थंडीविषयी, रजा कधी मिळेल ह्याविषयी. त्यांत तेच तेच पुन्हा येते, आणि वाक्ये अर्धवट सुटतात. मरणारा माणूस स्वतःचे स्मारक लिहीत बसत नाही. त्याला मोजे हवे असतात.

ह्याचा उत्तम दाखला म्हणजे हाइन्रिश ब्योलची युद्धकाळातील पत्रे. हा कलोनचा तरुण सारे युद्ध शिपाई म्हणून जगला, पुढे मोठा कादंबरीकार झाला, आणि १९७२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. २००१ साली त्याची पत्रे दोन जाड खंडांत आली. उद्याचा लेखक म्हणून आपण मोठ्या अपेक्षेने पाने उलटतो, आणि काय मिळते? झोपेची ओढ, कॉफीची आठवण, कंटाळा, घरची ओढ, आणि पेर्विटिन नावाच्या जागरणाच्या गोळ्या पाठवा अशी घरच्यांना पुनःपुन्हा विनंती. पहिल्या वाचनात निराशा होते. हळूहळू कळते की हाच त्या पत्रांचा खरेपणा. आणि त्यांची मर्यादाही हीच. पत्र वाचणारा तपासनीस मधे बसला होता, आणि आईला किंवा पत्नीला लिहिताना माणूस स्वतःही तपासनीस होतो. ज्या प्रदेशात त्या सैन्याने गावे जाळली, तिथून आलेल्या टपालातही बहुधा लोण्याचाच विषय असतो.

छायाचित्रे तरी खरे सांगतात का? १९९५ साली हाम्बुर्गच्या एका संशोधन संस्थेने जर्मन सैन्याच्या गुन्ह्यांवर प्रदर्शन भरवले. कत्तली केल्या त्या हिटलरच्या खास पथकांनी, साधे सैन्य मात्र निर्मळ राहिले, हा घरोघर जपलेला समज त्याने हादरवला. कित्येक चित्रे शिपायांनी स्वतःच काढलेली होती. आजोबांच्या आल्बमात असतील तसली. गावोगाव वाद पेटले. मग १९९९ साली दोन इतिहासकारांनी, एक पोलिश आणि एक हंगेरियन, दाखवून दिले की काही चित्रांखालच्या ओळी चुकल्या आहेत. त्यांतले काही मृतदेह जर्मनांनी मारलेल्यांचे नसून सोव्हिएत गुप्त पोलिसांनी त्याआधी मारलेल्या कैद्यांचे होते. प्रदर्शन मागे घेतले गेले. चौकशी समितीने सुमारे चौदाशे चित्रे तपासली. चुकीची निघाली ती विसांहून कमी. लबाडी कुठेच नव्हती, आणि मूळ प्रतिपादन खरे ठरले. २००१ साली ते नव्याने उभे राहिले. एवढ्या विद्वानांचे चित्राखालच्या एका ओळीत चुकते, तर बाजारातून आल्बम विकत घेणाऱ्याने किती जपून बोलावे!

ह्या साऱ्या पसाऱ्यात मला ज्या एका पुस्तकापाशी थांबावेसे वाटले, ते संग्राहकाचे नाही. ते उवे टिम ह्या जर्मन कादंबरीकाराचे आहे. २००३ साली आलेल्या त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'माझ्या भावाचे उदाहरण' असा होतो. भाऊ सोळा वर्षांनी मोठा. आपखुशीने एस. एस. च्या 'टोटेनकोप्फ' पथकात गेला, १९४३ च्या सप्टेंबरात युक्रेनमध्ये जखमी झाला, दोन्ही पाय कापावे लागले, आणि ऑक्टोबरात इस्पितळात वारला. वय १९. घरी परत आल्या त्या थोड्या वस्तू: पत्रे, पदके, छायाचित्रे, कंगवा आणि एक छोटी रोजनिशी. म्हणजे संग्राहकाच्या पेटीत असते नेमके तेच. फरक इतकाच, की इथे शोधणारा सख्खा भाऊ आहे, आणि आई आणि बहीण हयात असेपर्यंत तो हे पुस्तक लिहू शकला नाही.

ज्याला सगळ्यांत सैल सोडण्याचा मोह व्हावा, त्याचाच कागद टिम सगळ्यांत कडक वाचतो. 'टोटेनकोप्फ' हे पथक छळछावण्यांच्या पहारेकऱ्यांतून उभारलेले. त्याच्या शिपायांनी १९४० च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये ल पारादी येथे शरण आलेल्या ९७ ब्रिटिश सैनिकांना गोळ्या घातल्या. भाऊ तेव्हा त्यात नव्हता. तरी नाव तेच, परंपरा तीच. रोजनिशीत समोरचा रशियन शिपाई सिगारेट ओढताना येतो, तो माणूस म्हणून येत नाही, सावज म्हणून येतो. तोच मुलगा हाम्बुर्गवरच्या बाँबहल्ल्याची वार्ता ऐकून घरी लिहितो, की बायकामुलांना मारणे ही माणुसकी नव्हे. युक्रेनमधल्या बायकामुलांचा विचार त्याला त्या वाक्यात आडवा येत नाही. टिम ही दोन पाने शेजारी ठेवतो आणि ओरडत नाही. रोजनिशीच्या शेवटी भाऊ लिहिणे थांबवतो; असल्या क्रूर गोष्टींची नोंद ठेवण्यात अर्थ नाही, असे काहीसे सांगून. ही कळवळ्याची पहिली जाग, की नुसता थकवा? टिमला ती जाग असावी असे मनापासून वाटते. पण वाटते म्हणून तो तसे ठरवून टाकत नाही. प्रेम असूनही निकाल न देता थांबणे, ह्यात ह्या पुस्तकाचे मोठेपण आहे.

कोणी म्हणेल, ही दूरदेशची भांडणे. आपल्याला काय त्याचे? पण तेही युद्ध आपल्या घरांतून गेले आहे. १९४४ च्या जुलैत इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात यशवंत घाडगे जर्मन मशीनगनवर एकटे धावून गेले आणि धारातीर्थी पडले. १९४५ च्या एप्रिलात सेनियो नदीवर नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन गोळीबारातून पार केले. दोघेही मराठा पलटणीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. त्या मशीनगनींमागे जे बसले होते, त्यांचीही कार्डे बर्लिनला असतील. आणि जर्मनांच्या बाजूनेही आपली माणसे होती. सुभाषबाबूंनी १९४२ साली युद्धकैद्यांतून उभारलेल्या आझाद हिंद पलटणीत अडीच-तीन हजार हिंदी शिपाई होते. त्यांच्या जर्मन गणवेषाच्या बाहीवर तिरंगी ढाल, झेपावणारा वाघ, आणि 'स्वतंत्र हिंदुस्थान' ह्या अर्थाचे जर्मन शब्द. तो वाघ पाहून आपली छाती भरून येते. पण १९४४ च्या ऑगस्टात हीच पलटण वाफेन एस. एस. च्या हुकमतीखाली गेली, आणि फ्रान्समधून माघार घेताना तिच्यातल्या काहींवर गावकऱ्यांवरील अत्याचारांचे आरोप झाले, हेही त्याच बाहीवर वाचावे लागते. परक्याच्या भावाला जी कसोटी, तीच आपल्याला.

म्हणून माणूस शोधणाऱ्या संग्राहकाकडे माझे मागणे इतकेच आहे, की त्याने दोन माणसे शोधावीत: एक गणवेषातला, आणि एक त्याच्यासमोर उभा असलेला. कप्प्यावर चिठ्ठी लावताना शिपायाचे नाव, पलटण, जन्मगाव लिहितात. तिथे आणखी एक ओळ मोकळी ठेवावी, तो ज्या गावांत शिरला त्या गावांसाठी. ही ओळ भरणे वाटते तितके अवघड नाही. बेलारूसमध्ये खातिन नावाचे एक खेडे होते. १९४३ च्या मार्चमध्ये ते माणसांसकट जाळले गेले. त्या जागी १९६९ साली स्मारक झाले, आणि तिथे जळालेल्या आणि पुन्हा कधी न वसलेल्या १८५ गावांची माती, एकेका गावाच्या नावाखाली, जपून ठेवली आहे. तोही एक संग्रहच. एखाद्या पगारपुस्तिकेवर लिहिलेला मार्ग त्या नावांपैकी एकावरून गेला होता की काय, एवढे पाहायला भिंग आणि चिकाटी पुरते. आणि ती तर ह्या मंडळींपाशी आहेच.